मागच्या सीटचा बेल्ट: गाडी गावाकडे काढण्याआधी

आमच्या गाडीच्या मागच्या सीटचं मधलं बक्कल गाडी घेतल्यावर तीन वर्षांनी सापडलं. शोरूममधून गाडी आली त्याच आठवड्यात हौसेने सीट कव्हर्स बसवून घेतली होती. बसवणाऱ्या पोराने तिन्ही बक्कलं सीटच्या फटीत कोंबली, वरून कव्हर ताणलं, खालून इलॅस्टिकला गाठ मारली आणि पैसे घेऊन गेला. आमच्यापैकी कोणाला काही खटकलं नाही, कारण मागे बसून बेल्ट लावायचा असतो हे घरात कोणाच्या गावीच नव्हतं. बक्कल बाहेर काढलं तेव्हा त्याच्या खाचेत शेंगदाण्याचं टरफल अडकून बसलं होतं.

पुढे बसणारी माणसं आता बेल्ट लावतात. प्रेमाने नाही, तर चलानाच्या आणि त्या टिंगटिंग आवाजाच्या धाकाने, पण लावतात. मागची सीट मात्र अजून दिवाणखान्यासारखी वापरली जाते. तिथे पोरं उभी राहतात, आजी मांडी घालून बसते, डबे उघडतात. म्हणून या लेखात पुढच्या सीटबद्दल कमी आणि मागच्या सीटबद्दल जास्त लिहिलं आहे. गणपतीला, दिवाळीला किंवा मे महिन्यात गावी निघायचं असेल तर आदल्या रविवारी दोन तास काढा.

आधी कायदा, थोडक्यात

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८वा नियम सांगतो की, गाडी चालू असताना चालकाने, पुढे बसणाऱ्याने आणि मागच्या, पण तोंड पुढे असलेल्या सीटवर बसणाऱ्यांनी बेल्ट लावलाच पाहिजे. म्हणजे मागच्या बेल्टची सक्ती मुंबई पोलिसांनी नव्याने आणली, हा समज चुकीचा आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत तिची अंमलबजावणी कडक झाली, इतकंच. नियम आधीपासून होता, तो कोणी पाळत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं.

२०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ब हे कलम आलं. बेल्ट न लावता गाडी चालवली किंवा बेल्ट न लावलेले प्रवासी नेले, तर एक हजार रुपये दंड. प्रत्यक्ष जागेवर किती घ्यायचे हे राज्य सरकारच्या तडजोड शुल्कावर ठरतं, त्यामुळे राज्याराज्यांत आकडा वेगळा दिसू शकतो. या कलमाची भाषा नीट वाचली तर लक्षात येतं की जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावर टाकली आहे. मागे बसलेल्या मेहुण्याने बेल्ट लावला नाही तरी चलान तुमच्या गाडीच्या नंबरवर येणार. याच कलमात मुलांसाठी वेगळी तरतूद आहे: चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाईल्ड सीटने बांधलेलं नसेल, तरी दंड एक हजारच.

जुन्या सुमो, बोलेरोच्या मागे जी समोरासमोरची आडवी बाकडी असतात, ती ‘तोंड पुढे’ या व्याख्येत बसत नाहीत, आणि बहुतेकांना बेल्टही नसतात. कायद्यातून सुटलं म्हणून ती जागा सुरक्षित होत नाही. नेमकं तिथेच आपण पोरांना बसवतो, कारण ‘त्यांना मजा येते’. त्या बाकड्यांवर सामान ठेवा, पोरं नको.

ज्यांच्यामुळे चार दिवस चर्चा झाली

३ जून २०१४ला सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघालेल्या गोपीनाथ मुंडेंच्या गाडीला दुसऱ्या गाडीने धडक दिली. केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी बेल्ट लावला असता तर मुंडे वाचू शकले असते, असं जाहीरपणे म्हटलं. महाराष्ट्र हळहळला, परळीला अंत्यसंस्काराला लोटलेली गर्दी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, आणि त्या गर्दीतून परतलेल्या गाड्यांमध्येही मागे कोणी बेल्ट लावला असेल असं मला वाटत नाही.

आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ला, मुंबई–अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली. गाडी मर्सिडीज होती. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले, त्यांत मिस्त्रीही. मागच्या दोघांनीही बेल्ट लावला नव्हता. ‘मोठी गाडी आहे, काही होत नाही’ या आपल्या लाडक्या वाक्याची किंमत त्या पुलावर कळली.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात बेल्ट न लावल्यामुळे मेलेल्यांचा आकडा १६,७१५ आहे. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे. बेल्ट ही ड्रायव्हरची गोष्ट आहे असं मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

मागे बसलेल्याचं नेमकं काय होतं

ताशी ५० कि.मी. वेगाने गाडी भिंतीला धडकणं म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ८०ला हीच उंची पंचवीस मीटर होते, म्हणजे आठवा मजला. शाळेतल्या भौतिकशास्त्राचं साधं गणित आहे, घरी करून पाहा. समृद्धी महामार्गावर कारला १२०ची मुभा आहे, ते गणित तुमच्यावर सोडते.

धडकताना गाडीचं नाक चेपतं. ते मुद्दामच चेपणारं बनवलेलं असतं, म्हणजे थांबायला अर्धा-पाऊण मीटर तरी जागा मिळते. बेल्ट तुम्हाला गाडीला बांधतो आणि त्या अर्ध्या मीटरचा फायदा तुम्हालाही देतो. बेल्ट नसेल तर गाडी थांबली तरी तुम्ही पन्नासनेच पुढे चाललेले असता, आणि तुमचं शरीर थांबतं ते समोरच्या सीटच्या पाठीवर, दोन-चार बोटांच्या अंतरात. त्या सीटवर बसलेला बेल्ट लावून शहाण्यासारखा बसला असला तरी मागून साठ-सत्तर किलोचं ओझं त्याच्या पाठीत येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार बेल्टमुळे मृत्यूचा धोका पुढे सुमारे निम्म्याने कमी होतो आणि मागे सुमारे पाव हिश्शाने. ‘मागे पावच ना’ असं माझा भाऊ म्हणाला होता. पण मागच्याने बेल्ट लावला की पुढच्याचाही जीव वाचतो, तो हिशेब या पावात धरलेला नाही.

एअरबॅगबद्दल एकच. ती पापणी लवायच्या आत फुगते, हे अक्षरशः खरं आहे, एका सेकंदाच्या तीसाव्या-पंचविसाव्या भागात. तिच्यावर बारीक अक्षरात ‘एसआरएस’ लिहिलेलं असतं, त्यातल्या पहिल्या ‘एस’चा अर्थ ‘पूरक’. कशाला पूरक, तर बेल्टला. बेल्टविना पुढे फेकला गेलेला माणूस फुगत्या एअरबॅगवर आपटला तर ती उशी राहत नाही, ठोसा होतो.

पहिलं काम: बक्कलं उकरून काढा

मागच्या सीटवर जाऊन बसा आणि पाठीची आणि बुडाची गादी जिथे मिळते त्या फटीत हात घाला. तीन बक्कलं लागली पाहिजेत. बऱ्याच गाड्यांत मधल्या बेल्टची जीभ (बक्कलात घालायची धातूची पट्टी) आणि बक्कल मुद्दाम वेगळ्या मापाचं असतं, चुकून शेजारच्यात घालू नये म्हणून. कोणती जीभ कोणत्या बक्कलात जाते ते एकदा लावून बघून ठेवा, नाहीतर निघायच्या वेळी गोंधळ होतो आणि मग ‘राहू दे रे’ होतं.

कव्हर आड येत असेल तर त्याला त्या जागी कापून फटी करून घ्या. कुशनवाला शंभर-दोनशेत काठ शिवून देतो. पुढच्या सीटची कव्हर्सही पाहा. तुमच्या गाडीत बाजूच्या एअरबॅग असतील तर त्या बहुधा सीटच्या कडेतूनच बाहेर येतात, आणि तिथे ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली असते. ती पट्टी जाड कव्हराखाली झाकली गेली असेल तर ते कव्हर काढून टाका. साडेचार हजार गेले म्हणून जीव हळहळेल, माझाही हळहळला.

बंपरपुढे लोखंडी गार्ड लावला असेल तर तोही उतरवा. केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये अशा क्रॅश गार्डवर बंदी घातली, कारण धक्का गाडीच्या सेन्सरपर्यंत जसा पोचायला हवा तसा पोचत नाही, आणि पायी चालणाऱ्याला तो गार्ड वेगळाच मारतो.

दुसरं काम: पट्टा तपासा

प्रत्येक पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. सगळा. कडा उसवल्यात का, कुठे कापलंय का, उन्हाने रंग उडून कडक झालाय का, हे बोटांनी चाचपून कळतं. मग सोडून द्या. आपोआप सरसर आत जायला हवा. रेंगाळत असेल तर बहुतेक वेळा खांद्याजवळच्या कडीत मळ साचलेला असतो. ओल्या फडक्याने ती कडी पुसा, पट्टा कोमट पाण्यात साधा साबण घालून पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. ब्लीच किंवा डाग काढायचं रसायन पट्ट्याला लावायचं नाही, धागा खातं.

आता पट्टा हिसका देऊन ओढा. जागच्या जागी अडकला पाहिजे. हळू ओढल्यावर मोकळा आणि हिसक्याला घट्ट, हीच त्याची करामत. अडकला नाही तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्या, घरी खोलून बघण्याचं हे काम नाही. जीभ बक्कलात घातल्यावर टक् असा स्पष्ट आवाज यावा, आणि लाल बटण एका बोटाने दाबून सुटावं.

सेकंडहँड गाडी घेत असाल तर हेच काम व्यवहाराआधी करा. माझ्या भावाने दोन वर्षांपूर्वी एका डीलरकडून गाडी पसंत केली. आत सुगंधी स्प्रेचा घमघमाट, गाद्या चकाचक. त्याने सहज मागचा पट्टा पूर्ण ओढला तर शेवटच्या वीतभर भागात पिवळट मातीची रेष. गाडी पुरात बुडालेली होती. गाद्या धुतल्या जातात, रंग मारला जातो, पण पट्ट्याच्या गुंडाळीतला शेवटचा भाग धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे २०१९ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी बुडालेल्या गाड्या पुढे कुठेतरी विकायला उभ्या राहतात.

याच वेळी चावी फिरवून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पाहा. चावी लावताच तो काही सेकंद पेटून विझायला हवा. विझला नाही तर दोष आहे. अजिबात पेटलाच नाही तर संशय जास्त घ्या, कारण गाडी एकदा ठोकली गेली, एअरबॅग फुटली, नवीन न टाकता दिव्याचीच वायर काढून ठेवली, असंही होतं.

तिसरं काम: कोण कुठे बसणार ते घरीच ठरवा

पाच सीटची गाडी पाच माणसांची. यात मांडीवरचं मूलही माणूसच आहे. सहावा माणूस असेल तर एसटी, रेल्वे किंवा दुसरी गाडी, हा कटू निर्णय फाटकात उभं राहून होत नाही, आदल्या आठवड्यात करावा लागतो. आमच्याकडे यावरून एकदा अबोला झाला होता, तेव्हा अनुभवाने सांगते, फोनवर आणि लवकर सांगा.

आता सासूबाईंचा प्रश्न. ‘पदर चुरगळतो, पिन टोचते, श्वास कोंडतो’ या त्यांच्या तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. आम्ही कितीतरी वर्षं त्यांना मागे डावीकडे बसवायचो, उतरायला सोपं म्हणून. डावीकडच्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, आणि पदरही डाव्याच खांद्यावर, पिनही तिथेच. त्यांना मागे उजवीकडे बसवलं. पट्टा उजव्या खांद्यावरून आला आणि पदराचा प्रश्नच मिटला. फक्त त्या बाजूने उतरताना रहदारी असते, तेव्हा आधी आपण उतरायचं, मागचं वाहन पाहायचं आणि मग दार उघडायचं.

श्वास कोंडायचं कारण म्हणजे पट्टा पोटावर. कमरेचा पट्टा पोटावर नको, ओटीपोटाच्याही खाली, कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसवायचा. साडीत तो निऱ्या खोचल्या आहेत त्या गाठीच्या खाली येतो. हाडं धक्का सोसतात, पोटातले अवयव सोसत नाहीत. आधी कमरेचा भाग खाली सरकवून बसवा, मग खांद्याचा पट्टा वर ओढून ढील काढा. खांद्याचा पट्टा मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध, छातीच्या हाडावरून जावा. मानेला घासत असेल तर पुढच्या सीटजवळच्या खांबावर उंची कमी-जास्त करायचा खटका असतो, तो खाली करा. पिळलेला पट्टा सरळ करा. मानेला टोचतो म्हणून पट्टा काखेखालून घेणं ही सगळ्यात वाईट सवय. अपघातात सगळा जोर बरगड्यांवर येतो आणि मोडलेली बरगडी आत यकृतात किंवा प्लीहेत शिरते.

गरोदर बाईने बेल्ट लावायचाच. कमरेचा पट्टा पोटाच्या फुगवट्याच्या खाली, मांड्यांच्या वरच्या बाजूला, आणि खांद्याचा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने. पोटावरून आडवा कधीच नाही.

पुढे बसून सीट पार मागे टेकवून झोपणाऱ्यांसाठी: पाठ जितकी आडवी, तितका पट्टा छातीपासून सुटा. धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. झोपायचंय तर मागे बेल्ट लावून बसल्या बसल्या झोपा. आणि पाय डॅशबोर्डवर टाकून बसायचे लाड घरी पुरवा, त्याखाली एअरबॅग आहे.

मुलं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या सगळ्या मायेपोटी होतात.

दहा किलोचं बाळ मांडीवर घट्ट धरलंय. ताशी ५०ला धडक झाली की ते बाळ तुमच्या हाताला दीड-दोनशे किलोचं लागतं. सिमेंटच्या तीन-चार गोण्यांइतकं वजन एका क्षणात पुढे खेचलं जातं, आणि कोणाच्याही हातात ते धरायची ताकद नसते. मग काहीजण स्वतःच्या बेल्टमध्ये बाळालाही घेतात. हे त्याहून वाईट. आता बाळाच्या मागे तुमचं सगळं वजन आहे आणि पुढे पट्टा, मध्ये ते चेपलं जातं.

बाळाला पहिल्या दिवसापासून, म्हणजे दवाखान्यातून घरी येतानाच, मागे तोंड असलेली चाईल्ड सीट लागते. मागे तोंड अशासाठी की लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते, धडकेत डोकं झोकांडी न खाता पाठीच्या टेकूवर दाबलं जातं. निदान सव्वा वर्षापर्यंत तसंच बसवा, सीटच्या मापात बसत असेल तर आणखीही. ही सीट पुढच्या आसनावर चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नका. ऊन अडवायच्या पट्टीवर, लहान मुलाच्या चित्रावर काट मारलेला स्टिकर असतो तो याचसाठी. फुगणारी एअरबॅग त्या सीटच्या पाठीवर आदळली तर बाळ वाचत नाही.

पुढचा टप्पा पुढे तोंड असलेल्या पट्ट्यांच्या सीटचा, साधारण अठरा किलोपर्यंत. मग बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, जिच्यामुळे गाडीचा मोठ्यांचा बेल्ट त्याच्या हाडांवर नीट बसतो. बूस्टर कधी सोडायचा ते वयावर नाही, उंचीवर ठरवा. साधारण १४० सेंमीच्या आसपास मुलाची पाठ सीटला टेकवून बसवा. गुडघे सीटच्या काठाशी वाकत असतील, कमरेचा पट्टा हाडांवर आणि खांद्याचा मानेपासून दूर असेल तर बूस्टरची गरज संपली. नसेल तर आणखी सहा महिने. माझी पुतणी दहाव्या वर्षापर्यंत बूस्टरवर बसत होती, वर्गातली पोरं हसायची, तिने त्याला ‘सिंहासन’ नाव दिलं आणि विषय संपवला.

सीट बसवताना: अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या दोन कडेच्या जागांवर गादीच्या फटीत आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या असतात. सीटचे आकडे त्यांत टक् होईपर्यंत घुसवा, आणि वरचा पट्टा असेल तर तो सीटच्या मागच्या कडीला ताणून बांधा. पाय टेकवायची दांडी असलेल्या सीट असतील तर ती दांडी जमिनीला नीट टेकली पाहिजे. बसवून झाल्यावर बुडाशी धरून हलवा, दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. मुलाचे पट्टे बांधल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहा, चिमटीत घडी आली तर ढिला आहे. थंडीतलं जाड जॅकेट घालून बांधू नका, ते धडकेत चेपतं आणि पट्टा ढिला होतो. जॅकेट वरून पांघरा.

पोरं रडतात. पहिले दोन-तीन प्रवास जोरात रडतात. आमच्याकडे सोसायटीतल्या सोसायटीत पाच मिनिटं, मग भाजी आणायला दहा मिनिटं, असं करत सवय लावली. गावी निघायच्या दिवशी पहिल्यांदा बसवलंत तर पनवेलपर्यंतसुद्धा टिकणार नाही, हे लक्षात घेऊन आधी सुरू करा. आणि दोन सीटांच्या मधल्या फटीत उभं राहून समोरून रस्ता बघणारं पोर, सनरूफमधून डोकं काढणारं पोर, यांचं कौतुक थांबवा.

मूर्ती, नारळ आणि कुकर

गणपती आणायला पेणला जाणाऱ्या कित्येक गाड्यांत मूर्ती पुढे डावीकडे, घरातल्या कर्त्याच्या मांडीवर असते. मूर्ती मांडीवर आहे म्हणून त्याने बेल्ट लावलेला नसतो, आणि समोर एअरबॅग. शाडूची दोन फुटांची मूर्ती चांगली जड असते, आणि तिचे टोकदार भाग तुमच्या चेहऱ्याकडे. भक्तीत काही कमी पडत नाही, पण मूर्ती मागच्या सीटवर पाटावर ठेवा, पाटाच्या दोन्ही बाजूंना गोधडी कोंबा, मूर्तीच्या पुढून आडवा बेल्ट घ्या आणि शेजारी बेल्ट लावून एकाने बसून हात ठेवा. गाडी चाळीसच्या वर नेऊ नका, नाहीतरी त्या दिवशी रस्त्यावर कोण नेऊ शकतं?

बाकी सामान डिकीत आणि खाली. मागच्या काचेखालच्या फळीवर नारळ, छत्री, स्टीलची बाटली ठेवू नका, जोराचा ब्रेक लागला की ती वस्तू थेट कोणाच्यातरी डोक्याकडे येते. ड्रायव्हरच्या पायाशी सुटी बाटली नको, ती ब्रेकच्या पेडलखाली जाते. आणि बाजारातून येताना पिशवी सीटवर ठेवल्यावर गाडी टिंगटिंग करत असेल तर पिशवी खाली ठेवा.

त्या आवाजावर लोकांनी वेगळाच उपाय काढला होता: बक्कलात घालायची नुसती क्लिप, पाचपन्नास रुपयांची. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना त्या विकायला मनाई केली आणि तेरा हजारांहून जास्त जाहिराती उतरवल्या गेल्या. तुमच्या गाडीच्या कप्प्यात एखादी पडली असेल तर आजच कचऱ्यात टाका. बेल्ट पाठीमागून कायमचा लावून ठेवणं म्हणजेही तीच क्लिप, नुसती फुकट.

भाड्याची गाडी

इथे आपल्या हातात कमी असतं. परवा ठाण्यातून कॅबने निघाले, मागे बसून बक्कल शोधत होते, तर ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, “ताई, मागे कोण लावतं? पोलीस पुढचंच बघतात.” मी म्हटलं, “दादा, पोलिसांसाठी नाही लावत.” त्याने कव्हर उचकटून बक्कल काढून दिलं, थोडं कुरकुरत. बऱ्याच ड्रायव्हरांना आपल्या गाडीत तीन बक्कलं आहेत हेच माहीत नसतं. म्हणून गाडीत बसल्यावर नाही, बुकिंग करतानाच सांगा: मागे बेल्ट वापरता यायला हवेत. दिवसभराची किंवा बाहेरगावची गाडी असेल तर मुलांची सीट स्वतःची न्या आणि पाच मिनिटं आधी बोलवा.

वडापच्या जीपमध्ये बारा माणसं कोंबलेली असताना बेल्टची गोष्ट करणं म्हणजे चेष्टा आहे, मी ती करणार नाही. पर्याय असेल तर एसटीने जा.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आता कॅमेरेच बेल्ट बघतात. चलान आलं असं वाटलं तर महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहा, फोटोही दिसतो. फोटोत बेल्ट स्पष्ट दिसत असेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते. गडद रंगाचा कुर्ता आणि काळा पट्टा असला की कॅमेरा कधीकधी फसतो.

अपघात झाल्यावर

बेल्टने एकदा जोराची धडक सोसली की त्याचं काम झालं. धागे ताणले जातात, आणि पट्टा आवळणारा स्फोटकाचा भाग एकदाच उडतो. गाडी रंगवून परत येते, बेल्ट तसाच राहतो. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात प्रत्येक वापरात असलेल्या बेल्टची ओळ आहे का ते वाचा. नसेल तर विम्याच्या सर्व्हेअरशी बोलून घालून घ्या.

‘बेल्टमुळे अडकून पडलो तर?’ हे मागच्या सीटवरचं नेहमीचं भय आहे. गाडी पाण्यात गेली किंवा पेटली तरी ज्याने बेल्ट लावला नव्हता तो बहुधा आधीच बेशुद्ध झालेला असतो, आणि बेशुद्ध माणूस दार उघडत नाही. तरी भय घालवायचा सोपा मार्ग आहे. पार्किंगमध्ये गाडी उभी करा, घरातल्या प्रत्येकाला आपापल्या जागेवर बेल्ट लावून बसवा, डोळे मिटायला सांगा आणि बक्कल हाताने चाचपून लाल बटण दाबायला लावा. उलट्या गाडीत माणूस पट्ट्याला लटकलेला असेल तर एका हाताने छताला टेकू द्यायचा आणि मगच बटण दाबायचं, हेही सांगून ठेवा. सासूबाईंना पहिल्या खेपेला बटण सापडलं नाही. तिसऱ्या खेपेला सापडलं. आता त्या गाडीत बसल्या की आधी बक्कल चाचपतात, आणि मग पिशवीतली सुपारी काढतात.